दुसऱ्याच्या पाळीची धूळ

तातेरावच्या हाती पोकलेन आली तेव्हा तिच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. मालकीण मीनाताई. त्यांनी पूजेचा नारळ त्याच्याच हातून फोडून घेतला होता, आणि तेव्हापासून त्या मशीनवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. मीनाताईंचे यजमान गिरिधर जालन्यात बँकेत होते. मशीनचा धंदा मात्र ताईंचा. साईट कोणती धरायची, डिझेल कुठून भरायचं, सगळं त्याच बघायच्या. कुणी नवीन माणूस भेटला की त्या तातेरावकडं हात करून म्हणायच्या, "हे आमचे तात्या. मशीन यांचीच. मी आपली नावाला मालकीण."

हे वाक्य तातेरावनं बायकोला, कांताबाईला, इतक्यांदा सांगितलं होतं की तो तोंड उघडायच्या आत ती पुरं करायची.

त्या उन्हाळ्यात काम मोठं लागलं. भोकरदनकडच्या एका रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं आणि त्याला लागणारा मुरूम पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारातल्या टेकडीतून उचलायचा होता. तातेरावचं गाव तेच. घरून चालत साईटवर जाता येत होतं. पण टिप्परांची रांग हटेना. एका ऑपरेटरच्यानं ते होण्यासारखं नव्हतं, म्हणून मीनाताईंनी आमिरला आणलं. तिशीतला माणूस, अंबडकडचा. अंकुशनगरला कारखान्यावर उसाच्या मोळ्या उचलणारा ग्रॅब चालवायचा, हंगाम संपल्यावर मोकळा झाला होता.

"सकाळची पाळी तात्यांची, दुपारनंतर तू," मीनाताईंनी सांगितलं. "तात्या, जरा मशीनची सवय सांगा त्याला."

"सांगायचं काय त्यात," तातेराव म्हणाला. "येतंय की त्याला."

पहिल्या दिवशी पाळी संपल्यावर तो घरी गेला नाही. टिप्परच्या सावलीत उभा राहून बघत राहिला. आमिर बकेट भरताना कुठं थांबत नव्हता. दात जमिनीत घालणं, उचलणं, वळणं, टाकणं, सगळं एका ओघात. शेजारी उभा असलेला टिप्परवाला म्हणाला, "हात मऊ हाय गड्याचा. माझी गाडी एकदासुद्धा हलली न्हाई भरताना."

तातेरावच्या बकेटीनं गाडी हलते असं कुणी आजवर म्हटलं नव्हतं. पण हलत नाही, असंही म्हटलं नव्हतं. ते त्याच्या डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो केबिनमध्ये चढला तर सीट मागं सरकवलेली. आमिर उंच होता. आरसा वळवलेला. आत अत्तराचा वास. तातेरावनं सीट पुढं घेतली, आरसा फिरवला, दोन्हीकडच्या काचा उघड्या टाकल्या आणि वास जाईपर्यंत खाली उभा राहिला. दुपारी हे सगळं त्यानं कांताबाईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता हसली.

"मशीननं दुसरा पाट लावला म्हणा की."

तो हसला नाही. जेवण अर्धं टाकून उठला.

पूर्वी तो रविवारी संध्याकाळी, काम थांबल्यावर मशीन धुवायचा. बाहेरून पाणी, आत इंजिनाला नुसतं फडकं. आता तो रोज सकाळी उजाडायच्या सुमाराला साईटवर जाऊ लागला. रस्त्यावर पाणी मारायचा टँकर तिथंच मुक्कामाला असायचा. त्याला धुण्याचा पंप जोडायचा आणि मशीन धुवायची. पट्टे, बूमचा लांब हात, केबिन, आणि झाकण उघडून इंजिनसुद्धा. आमिरच्या पाळीत बसलेली धूळ कोपऱ्याकोपऱ्यातून वाहून गेली की मगच तो किल्ली फिरवायचा. त्या धुळीसकट मशीन सुरू करायचं त्याला जमेना. टिप्परवाले यायच्या आत सगळं उरकलेलं असे, त्यामुळं हे कुणाला माहीत नव्हतं.

मग मशीन अडायला लागली.

एका सकाळी दुसरा टिप्पर भरताना इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला. समोर पिवळा दिवा लागला, पडद्यावर कसलातरी नंबर आला. लिव्हर ओढली तरी बूम म्हाताऱ्यासारखी हळू उठायची. तातेरावनं बंद करून पुन्हा सुरू केली. थोडा वेळ बरी चालली, पुन्हा तेच. अकरा-बाराच्या सुमाराला आपोआप सुधारली. दोन वाजता आमिर बसला आणि अंधार पडेपर्यंत त्यानं एकही गाडी थांबवली नाही.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं, तिसऱ्याही दिवशी. सकाळी अडायची, दुपारी घोड्यासारखी पळायची.

मीनाताईंनी जालन्याच्या ओळखीच्या दुकानात फोनवर नंबर सांगितला. तो डिझेलचं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरचा आहे, सेन्सर बदला, असं तिकडून सांगितलं. नवा सेन्सर आणला, तातेरावनं स्वतः बसवला. दुसऱ्या सकाळी पुन्हा पिवळा दिवा.

टिप्परवाल्यांच्या जिभेला हाड नसतं. "तात्या, तुमच्यावर रुसली वाटतं," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "आमिरभाईला सकाळीच बोलवा ना, आमच्या दोन फेऱ्या वाढतील." तातेराव ऐकून घ्यायचा आणि दात आवळून लिव्हर ओढायचा. ज्या मशीनचा आवाज झोपेतसुद्धा ओळखता येतो ती आपल्या हाताखाली मरगळते आणि चार दिवसांपूर्वी आलेल्या माणसाच्या हाताखाली गाते, हे त्याला कुणाच्या मरणासारखं लागलं. त्याहून वाईट म्हणजे आमिर त्याच्याशी चांगला वागायचा. एकदा म्हणाला, "तात्या, सकाळी मी थोडा लवकर येऊन बघू का? दोघं मिळून बघू."

"गरज न्हाई," तातेराव म्हणाला.

त्याच दुपारी, आमिरला खाली उतरून इंजिनाचं झाकण उघडताना त्यानं पाहिलं. ऑइल बघण्यासाठी कुठलाही ऑपरेटर उघडतो, हे त्याला ठाऊक होतं. पण ते झाकण, ते वाकलेलं अंग, आत गेलेला हात एवढंच त्याच्या डोळ्यांपुढं राहिलं. घरी जाईपर्यंत त्याची खात्री झाली होती.

संध्याकाळी त्यानं मीनाताईंना फोन केला.

"ताई, बोलू नये पण बोलतो. जाताना काहीतरी वायर ढिली करून जातो तो. सकाळी मला तरास व्हावा म्हणून. त्याला सकाळची पाळी पाहिजे."

"तुम्ही बघितलंत?"

"झाकणात हात घालताना बघितलं."

मीनाताई म्हणाल्या, "तात्या, इतकी वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवला. ठीक आहे. दोन-तीन दिवस त्याला नको म्हणते. बघू काय होतं ते."

आमिर आला नाही. तातेराव सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच मशीनवर बसला. पहिल्या दिवशी दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इंजिन पूर्वीसारखं भरून चाललं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं टिप्परवाल्यांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला. आपलं खरं ठरलं होतं. आता केबिनमध्ये फक्त त्याच्या बिडीचा वास होता आणि मशीनवर फक्त त्याच्या पाळीची धूळ. ती धूळ त्याला टोचत नव्हती, म्हणून सकाळी पंप जोडायची त्याला आठवणही झाली नाही. काच पुसायची आणि सुरू करायची.

तिसऱ्या दिवशी मीनाताईंनी आमिरला फोन करून कारण सांगितलं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "मला काढायचं तर काढा ताई. पण वायर मी ढिली केली असं नाव घेऊन मी जाणार न्हाई. घरी अफ्रीनला, माझ्या बायकोला, काय सांगू? उद्या कुठल्या साईटवर मला कोण उभं करील? आधी बिघाड शोधा. एमआयडीसीजवळ महेमूदभाई म्हणून हैत, मोठ्या मशीनींच्या वायरिंगचंच काम करतात. त्यांना बोलवा. खर्चा माझ्या पगारातून कापा."

मीनाताईंनी खर्च त्याच्यावर घातला नाही, पण महेमूदला बोलावलं.

पन्नाशीचा, पिकल्या दाढीचा माणूस. लॅपटॉपची बॅग आणि मल्टिमीटर घेऊन आला. तातेरावनं त्याला पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, आमिरनंच सुचवलेला माणूस, त्यांच्यातलाच, हा आमिरच्याच बाजूचं बोलणार. महेमूदनं लॅपटॉप जोडला, मशीननं आजवर साठवून ठेवलेल्या सगळ्या तक्रारी वाचल्या. मग सेन्सरला तारा जोडणारं कनेक्टर न सोडवता मागूनच तिन्ही तारा तपासल्या. पाच व्होल्ट बराबर येत होते. अर्थिंग बराबर. वायरिंगचा जुडगा हातात धरून त्यानं हलवला, पिरगाळला. काटा हलला नाही.

"आता तर काहीच न्हाई," तो म्हणाला. "सगळं ठीक है."

"मी तेच सांगून राह्यलो," तातेराव म्हणाला. "माणूस गेला, बिघाड गेला."

महेमूदनं त्याच्याकडं पाहिलं. "तातेरावभाऊ, बिघाड जाग्यावर असला तरच मी पकडू शकतो. मला तो पाहिजे." मग मीनाताईंना म्हणाला, "ताई, पहिले जसं चालत होतं बिलकुल तसंच चालवा. दुपारी आमिर, सकाळी हे. एक दिवस. मी इथंच थांबतो."

आमिरला बोलावलं. तो आला, तातेरावला सलाम केला आणि मशीनवर चढला. महेमूद सावलीत बसून होता. अधूनमधून दोघं आपसात घरच्या भाषेत दोन शब्द बोलायचे, हसायचे. तातेरावला ती भाषा चांगली कळत होती. बोलणं अंबडच्या कुणाच्यातरी लग्नाचं होतं. तरी त्याला वाटत राहिलं की ते आपल्यावरच हसताहेत.

अंधार पडायच्या सुमाराला काम थांबलं. महेमूदनं सगळ्यांदेखत इंजिनाच्या झाकणाला आपलं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि गावातल्या ओळखीच्या घरी झोपायला गेला. जाताना आमिरला म्हणाला, "सकाळी तूपण ये. ज्याचं नाव घेतलं तो समोर पाहिजे."

सकाळी तातेराव पोचला तेव्हा महेमूद आधीच मशीनजवळ उभा होता. मशीनवर आदल्या दुपारची धूळ जाड बसली होती. तातेरावनं पंप टँकरला जोडला.

"झाकण उघडा," तो म्हणाला. "धुवायचंय."

महेमूदनं कुलूप काढलं आणि चार पावलं मागं सरून उभा राहिला. तातेराव धुवत होता. पट्ट्यांवरून, बूमवरून, मग इंजिनावर त्यानं पाण्याची धार धरली, आतल्या कोपऱ्यांत, तारांच्या मागं, जिथं जिथं तपकिरी पाणी निघत होतं तिथं तिथं. तोवर मीनाताईंची गाडी आली. मागोमाग आमिर मोटरसायकलवरून आला आणि लांबच थांबला.

"चालू करा," महेमूद म्हणाला.

दुसरा टिप्पर भरता भरता आवाज खाली गेला आणि पिवळा दिवा लागला.

महेमूदनं मशीन बंद करायला लावली. वाकून सेन्सरचं कनेक्टर सोडवलं, उलटं करून तळहातावर झटकलं. हातावर पाण्याचे थेंब पडले. त्यानं ते मीनाताईंना दाखवले, मग कनेक्टर उजेडात धरलं. एका पिनवर हिरवट गंज धरला होता. आतलं रबर उष्णतेनं कडक होऊन चिरलं होतं.

"हे बघा. रबर गेलंय, धारेचं पाणी आत जातं. या तिन्ही पिना आपसात मिळतात. मशीनला वाटतं डिझेलचं प्रेशर गडबडलं, म्हणून ती जान वाचवायला हळू होते. दुपारपर्यंत इंजिनाच्या गर्मीनं पाणी सुकतं आणि सगळं ठीक. सेन्सर नवा टाकला तरी काय होणार, खोट सेन्सरमध्ये नव्हतीच. कनेक्टर बदलावं लागंल." मग तो तातेरावकडं वळला. त्याच्या आवाजात आरोप नव्हता, रोजचं काम विचारावं तसं त्यानं विचारलं, "रोज धुता?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"न्हाई. आधी हप्त्याला. संध्याकाळी."

"इंजिनावर धार?"

"आधी न्हाई."

"मंग रोज सकाळी, असं कधीपासून?"

उत्तर एकच होतं आणि ते लांब मोटरसायकलपाशी उभं होतं. मीनाताईंनी आधी तातेरावकडं पाहिलं, मग आमिरकडं. त्यांच्या लक्षात आलं होतं. आमिर गेला ते दोन दिवस मशीन का चालली, तेही.

"रस्त्याचं काम लागल्यापासून धूळ जास्त है," आमिर लांबूनच म्हणाला. "म्हणून धुत असतील."

त्यानं सांभाळून घेतलं होतं. ते तातेरावला सगळ्यांत जास्त झोंबलं. मशीन त्याला वश, लोक त्याला वश, आणि आता मोठेपणाही त्याचाच. एवढ्या शरमेतसुद्धा आपल्या मनात हेच यावं, याचं त्याला स्वतःला भय वाटलं.

मीनाताईंनी त्याला बाजूला घेतलं. "तात्या, तुम्ही जाणूनबुजून केलं नाही, हे मला कळतंय. पण तुमच्या शब्दावर मी एका माणसाला घरी बसवलं. ते मी कसं भरून काढू?"

महेमूद नवं कनेक्टर जोडून, त्यात ग्रीस भरून, पुन्हा लॅपटॉपवर बघेपर्यंत तातेराव मुरमाच्या ढिगावर बसून राहिला. जाताना महेमूद त्याला म्हणाला, "भाऊ, इंजिनाला फडकं आणि हवा. पाणी बाहेरून." आणि निघून गेला.

दुपारी घरी कांताबाईनं ताट वाढलं. साईटवरची गोष्ट गावात आधीच पोचली होती.

"तुमाला म्हायती होतं का, की पाण्यानं होऊन राह्यलं?" तिनं विचारलं.

"न्हाई. आईशपत न्हाई."

"पण तो करतो, हे तरी कुठं म्हायती होतं. ते बराबर ताईला सांगितलंत." ती त्याच्यासमोर बसली. "त्याचं नाव निघालं की तुमचा घास थांबत होता. मी हसण्यावारी नेलं. मंग काय करणार आता?"

तो जेवला, पाणी प्यायला आणि टेकडीवर परत गेला.

आमिरची पाळी सुरू व्हायची होती. तो पट्ट्यापाशी उभा राहून पाणी पीत होता. तातेराव त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मी तुझं खोटं नाव घेतलं," तो म्हणाला. "वायर ढिली करताना मी काही बघितलं नव्हतं. ताईला असं सांगितलं की जणू बघितलं. तू ऑइल बघून राह्यल्ता, मला म्हायती होतं."

आमिरनं बाटलीचं झाकण लावलं. "का पण तात्या? मी काय केल्तं तुमचं?"

"काही न्हाई केलं. तू चांगलं चालवतो. त्येच."

आमिर म्हणाला, "ताईसमोर मी सांभाळून घेतलं, कारण म्हाताऱ्या माणसाला चार लोकांत खाली पाडणं बरं न्हाई वाटलं. पण माफ केलं म्हणायला मला अजून येत न्हाई. अफ्रीन दोन दिवस माझ्याकडं संशयानं बघून राह्यल्ती. ते मला विसरता येत न्हाई."

"म्हणू नको," तातेराव म्हणाला. म्हातारा हा शब्द त्याला लागला होता. तोही त्यानं गिळला.

त्यानंतर दोघं त्याच मशीनवर राहिले. आमिर त्याच्याशी कामापुरतं बोलायचा. पूर्वीचं आपणहून विचारणं संपलं होतं. टिप्परवाल्यांनी काही दिवस चेष्टा केली आणि मग त्यांना दुसरा विषय मिळाला. मीनाताई आता नव्या माणसाला ओळख करून देताना म्हणायच्या, "हे दोघं आमचे ऑपरेटर." दर वेळी तातेरावला ते वाक्य खुपायचं. खुपतं, हे तो आता स्वतःपासून लपवत नव्हता, एवढंच.

पावसाळ्याच्या तोंडाला, काम संपत आलं असताना, एका दुपारी आमिर पाळीवर चढला आणि लगेच खाली उतरला. तातेराव घरी निघाला होता.

"तात्या, वळताना खालून बारीक आवाज येतो. कालपासून. तुम्हाला येतो का?"

तातेरावला तो आवाज आला नव्हता. सकाळभर मशीनवर बसूनही आला नव्हता. छातीत तीच जुनी कळ उठली आणि ओठांवर आलं, की तसं काही न्हाई, माझ्या मशीनचा आवाज मला कळतो.

"मला न्हाई आला," तो म्हणाला. "कुठून येतो? दाखव बरं."

आमिर वर चढला आणि मशीन हळूहळू डावीकडं वळवू लागला. तातेराव पट्ट्यापाशी गुडघ्यावर बसला, डोळे मिटले आणि कान देऊन ऐकू लागला.